कचरा डेपोशेजारी थांबलेला वास

आधीच सांगते, या सदरातले अनुभव मी ऑफिसात डबा खाल्ल्यावर वाचते आणि बहुतेक वेळा हसते. पांढरी साडी, उलटे पाय, आपोआप उघडणारी दारं... हे खरं असेल का, असा प्रश्नसुद्धा मला कधी पडला नाही. मी खराडीतल्या एका आयटी कंपनीत ॲडमिन सांभाळते. एसी बंद पडला, चौथ्या मजल्यावर पाणी नाही, कँटीनमधले कप संपले... सगळं माझ्या टेबलावर येतं. तिथे भुतं नसतात, व्हेंडर असतात. वस्तू बिघडते, कारण सापडतं, दुरुस्ती होते, मी यादीवर काट मारते आणि पुढच्या ओळीकडे वळते.

या एका गोष्टीवर मात्र मला काट मारता आलेली नाही.

माझ्या अनुभवात भूत नाही. घाण आहे, भरपूर आहे. ज्यांना जेवता जेवता वाचायची सवय आहे त्यांनी नंतर वाचावं.

आयटीचा पगार नुकता अंगवळणी पडला होता तेव्हाची ही गोष्ट. कोथरूडला फ्लॅट घेतला होता, गाडी घेतली होती, दोन्ही कर्जावर. आमचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. सासूबाईंचं म्हणणं असं की नव्या घरात देव बसवायचे तर आधी ते जेजुरीला नेऊन मूळ देवाला भेटवून आणायचे. देव म्हणजे टाक, चांदीच्या पत्र्यावर उठवलेल्या छोट्या मूर्ती. त्यांच्या सासूनेही असंच केलं होतं. मला त्यात काही वाटत नव्हतं, पण रविवारची एक ट्रिप म्हणून मी ती इतर ट्रिपसारखी बसवली. दोन गाड्या. आमच्या गाडीत मी, माझे यजमान अविनाश, सासूबाई आणि नाना, म्हणजे सासरे. दिरांच्या गाडीत ते, जाऊबाई, नैवेद्याचे डबे आणि सामान.

नानांना दमा. नुकतेच हॉस्पिटलमधून घरी आले होते. त्यांचा पंप त्यांच्या पिशवीत आणि पिशवी आमच्या गाडीत, असं मी ठरवलं होतं. पण देवांची पिशवी सासूबाईंच्या मांडीवर होती आणि ज्या गाडीत सोवळ्यातले देव, तिथे हॉस्पिटल फिरून आलेली पिशवी त्यांना चालेना. मी वर गॅस बंद करून कुलूप लावेपर्यंत त्यांनी ती स्वतःच्या हाताने दिरांच्या डिकीत ठेवली होती. मला सांगितलंही नाही. सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं.

हडपसरला सासवड रस्ता तुंबलेला. दीर पुढे निघून गेले. अविनाश बँकेत नोकरीला, तिथे कुणीतरी त्यांना आतला रस्ता सांगितला होता. पुण्यात प्रत्येक बँकेत असा एक माणूस असतो.

"सरळ घाटाच्या पायथ्याशी निघतो," अविनाश म्हणाले.

"तुम्ही गेलाय या रस्त्याने?"

"रस्ता आहे म्हणजे कुठेतरी निघणारच ना."

तो रस्ता निघाला कचरा डेपोच्या भिंतीला. तेव्हा सगळ्या शहराचा कचरा तिथे येऊन पडायचा. आधी वास आला. वास म्हणजे काय ते नीट सांगते, कारण नाहीतर पुढचं कळणार नाही. कुजलेला भाजीपाला, मेलेलं जनावर, जळकं प्लास्टिक आणि त्याखाली एक गोडसर, चिकट काहीतरी, जे जिभेवर बसतं. काचा वर केल्या तरी आत येत होता. बाभळीच्या प्रत्येक काट्याला फाटकी पिशवी. रस्त्याच्या कडेने काळं पाणी वाहत होतं आणि त्यावर फेस. भिंत पडलेल्या जागेतून आतले डोंगर दिसत होते. त्यावर कुत्री, घारी आणि कुत्री-घारींच्या मधोमध वाकलेल्या बायका.

आणि तिथेच इंजिनच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला, बॉनेटमधून वाफ आली. फॅन बेल्ट तुटला होता. सहा महिने वापरलेली गाडी!

मोबाइलला रेंज नव्हती. होती तेव्हा दिरांचा लागेना, घाटात असणार. अविनाश रस्त्यावर उभे राहिले. एक स्कूटरवाला तोंडाला रुमाल बांधून न बघता गेला. एक चांगली मोठी गाडी थांबली, काच बोटभर खाली झाली.

"हा रस्ता कुठे निघतो हो?" आतल्या बाईंनी विचारलं.

"माहीत नाही. आमची गाडी बंद पडलीये, वडिलांना जरा..."

काच वर गेली. आपलीच माणसं. मागच्या काचेवर कोथरूडच्या एका शाळेचा स्टिकर होता. मला त्या क्षणी कचऱ्यापेक्षा त्यांची जास्त किळस आली.

शेवटी थांबला तो कचऱ्याचाच ट्रक. रिकामा होऊन परत निघाला होता, मागून अजून गळत होता. ड्रायव्हरने अविनाशना हडपसरच्या गाडीतळापर्यंत सोडतो म्हणून सांगितलं. पांढरा कुर्ता घालून देवाला निघालेले अविनाश त्या केबिनमध्ये चढले. बेल्ट, मेकॅनिक आणि नानांसाठी नवीन पंप, एवढं मी खिडकीतून तीनदा सांगितलं.

ट्रक गेला आणि वारा फिरला.

डेपोच्या आत कुठेतरी कचरा पेटलेला होता. राखाडी धूर भिंतीवरून आमच्याकडे उतरला. काचा बंद ठेवल्या तर नाना गुदमरत होते, उघडल्या तर धूर. त्यांनी आधी खोकून पाहिलं, मग खोकणं जमेना. पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसले. गळ्याच्या खळग्यातली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. शिट्टीसारखा आवाज. मग शिट्टीही बारीक झाली, आणि ओठांचा रंग मला आवडेना. दम्याचं माणूस घरात असलेल्यांना माहीत असेल, आवाज वाढतो तेव्हा नाही, कमी होतो तेव्हा घाबरायचं.

सासूबाईंनी देवांची पिशवी छातीशी धरली होती. "पिशवी मी ठेवली गं तिकडे," एवढंच म्हणाल्या.

"आता ते नको," मी म्हणाले. मनात होतं ते वेगळं होतं, पण ते बोलून श्वास येणार नव्हता.

काचेवर टकटक झाली. बाहेर एक बाई. माझ्याच वयाची असेल. डोक्यावर पाण्याचा हंडा, गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, हातावर माश्या बसलेल्या आणि त्या हाकलायची तिला गरजही वाटत नव्हती.

"बाबांना खाली घ्या आदी. गाडीत काय मरायला ठिवलंय व्हय?"

"त्यांना दमा आहे, पंप नाहीये, मिस्टर आणायला..."

"ते यीस्तवर हितं धुरात बसून करणार काय? चला. ते समोरचं घर माझं हाय."

तिने हंडा तिथेच रस्त्यावर ठेवला, नानांच्या काखेत हात घातला आणि त्यांना जवळजवळ उचललंच. दुसरीकडून मी. मागून सासूबाई. ते काळं पाणी ओलांडताना माझी चप्पल त्यात बुडाली. पायाच्या बोटांमधून कोमट, बुळबुळीत काहीतरी वर आलं... तो स्पर्श मला आजही आठवतो आणि आजही अंगावर काटा येतो. घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, भिंतीपासून हाकेच्या अंतरावर. दाराच्या चौकटीवर माश्यांचा काळा पट्टा. मला आत पाऊल टाकायचं नव्हतं. नानांसाठी टाकलं.

आणि उंबरठा ओलांडताच वास थांबला.

कमी झाला नाही. थांबला. ऑफिसमध्ये दिवसभर जनरेटर चालू असतो, लाइट येते, जनरेटर बंद होतो, आणि मग कळतं की कान किती दुखत होते. तसं. घरात धूप नव्हता, उदबत्ती नव्हती, फुलं नव्हती. चांगला वास होता असं मी म्हणणार नाही. वासच नव्हता. स्वच्छ, कोरडी हवा. पुण्यात थंडीच्या सकाळी गॅलरीचं दार उघडल्यावर येते तशी.

दार उघडंच होतं. धूर बाहेर दिसत होता.

तिने नानांना भिंतीशी टेकवून बसवलं, पाठीमागे गोधडीची वळकटी दिली. नानांनी एक श्वास घेतला. मग सोडला. सोडलेला मला ऐकू आला! पूर्ण, लांब. मी त्यांच्या ओठांकडे बघत बसले. थोड्या वेळाने ते स्वतःच म्हणाले, "बरं वाटतंय." मग मिनिटभराने, "इथे हवा फार छान आहे हो."

ती बाई त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली. आतल्या खोलीत पडद्यामागे कुणीतरी खोकत होतं.

सासूबाईंचं तर नवलच. सोवळ्यापायी ज्यांनी ही वेळ आणली त्या बाई खोलीभर नजर फिरवून म्हणाल्या, "देव जरा टेकवू का तुमच्याकडे? हात भरून आले." कोपऱ्यातल्या फळीवर तिचा खंडोबा होता, कागदी, काचेतला. त्याच्या शेजारी आमचे टाक बसले. मग तिने आल्याचा चहा केला, बिनदुधाचा. मी घराबाहेर पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं पिते. तो चहा मी प्यायले, आणि प्यायल्याचं मला कपाचा तळ दिसल्यावर लक्षात आलं.

तासाभराने अविनाश आले. बेल्ट, मेकॅनिक, पंप, सगळं बरोबर आणलं होतं. दारात आले आणि नाकावर रुमाल दाबून तिथेच थांबले.

"अहो, तुम्ही इथे बसलाय कसे? नाना कुठायत?"

"हा काय इथे," नाना म्हणाले. "ये, बस जरा."

"नको, बाहेरच थांबतो." डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या.

त्या बाईने त्यांना ये म्हटलं नाही की बस म्हटलं नाही. मला वाटलं, संकोचली असेल.

नानांनी पंप घेतला, पण गरज म्हणून नाही, आणलाय म्हणून. सासूबाईंनी टाक पिशवीत घेतले आणि आम्ही निघालो. मी उंबरठ्याबाहेर पाऊल टाकलं आणि वास एखाद्या ओल्या फडक्यासारखा तोंडावर बसला. रस्त्यापर्यंत कशीबशी पोचले आणि बाभळीखाली ओकले. सगळं बाहेर. वाकलेली असतानाच कडेच्या कचऱ्यात एक कागदी कप दिसला, मग दुसरा, मग एक अख्खी चळत. आमच्या कंपनीचा लोगो. ती ऑर्डर मी काढते. पुन्हा ओकले. त्या बाईने तांब्याभर पाणी माझ्या हातावर ओतलं.

जेजुरीकडे निघाल्यावर गाडीत मी पहिला प्रश्न नानांना विचारला. "तुम्हाला आत वास येत होता?"

"नाही बुवा."

"मलाही नाही," सासूबाई म्हणाल्या. "आला असता तर मी देव ठेवले असते का?"

अविनाश म्हणाले, "तुम्हा तिघांची नाकं गेली आहेत. त्या घरात रस्त्यापेक्षा जास्त येत होता."

नंतर मी माझ्या पद्धतीने कारण शोधलं. पहिलं, नाक बधिर होतं. होतं, मान्य. पण मग उंबरठ्याबाहेर लगेच शुद्धीवर कसं येतं? दुसरं, वाऱ्याची दिशा. मग अविनाशना दारात वास का आला? नानांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "घाबरल्याने वाढतो, शांत झाल्यावर उतरतो कधी कधी." कधी कधी! मी म्हटलं, "ओठ निळे पडल्यावर? धुरात?" ते म्हणाले, "उतरला ना? मग कशाला खोलात जाता."

सासूबाईंना उत्तर हवंच नव्हतं. खंडोबाने केलं, विषय संपला. नानांनी मात्र तगादा लावला, त्या बाईंकडे जाऊन ये. म्हणून काही आठवड्यांनी एका सकाळी साडी आणि पेढे घेऊन मी एकटीच स्कूटरने गेले. खरं सांगते, आभार मानायला कमी आणि तपासायला जास्त गेले. तिने काहीतरी लावलं असेल, शिंपडलं असेल, घर कसं तरी बांधलं असेल. कारण असणारच.

उंबरठा ओलांडला. वास थांबला नाही.

उलट आत कोंडून जास्त झाला होता. भिंतींना होता, गोधडीला होता, तिने पुढे केलेल्या पाटाला होता. पोटातून वर यायला लागलं. मी पाटावर बसले आणि हात मांडीवर घट्ट धरले.

"बाबा कसे हायेत?" तिने विचारलं. नाव छबूबाई, ते त्या दिवशी कळलं.

"छान आहेत. तुमच्यामुळे." मग मला राहवेना. "छबूबाई, त्या दिवशी तुम्ही घरात काही लावलं होतं का? धूप वगैरे?"

ती हसली. "धूप? ताई, आमच्यात धूप लावला तर कचऱ्याला धुपाचा वास येतो, आन् काय न्हाय."

"म्हणजे त्या दिवशी वास होता? आत?"

"नव्हता कसा? जाळ लागलेला की त्या दिवशी. माझा मालक आत खोकून खोकून आडवा झालेला, ऐकला न्हाई का तुमी?" ती माझ्यासमोर खालीच बसली. "मला तुमचंच नवाल वाटलं. तिघं आलात, नाकाला पदर न्हाय, रुमाल न्हाय. ताई, माझा सख्खा भाऊ येतो, तो दारातच नाक धरतो. पोरीला बघाय आलेली मानसं च्या न घेता उठली. आन् ते बाबा म्हनाले, हितं हवा छान हाय. मला आदी वाटलं, चेष्टा करत्यात. मंग बघितलं तर न्हाय, मनापासनं म्हनत होते."

मी आणलेली साडी आणि पेढे तिच्यापुढे ठेवले, पण ती बोलतच होती.

"आज्जींनी तर देवच ठिवले माझ्या फळीवर! तुमच्या सायबांना मी च्या इचारला न्हाय हां, राग मानू नगा. नाक धरनाऱ्याला मी च्या देत नसते. मंग तो कुनी बी असो."

"बरं केलंत," मी म्हणाले. ते मनापासून.

"आन् तुमी." तिचा आवाज जरा खाली आला. "तुमी भाईर जाऊन वकलात. मी बघत हुते ना. म्हनलं, किती धरून ठिवलं ह्या बाईनं. माझ्या घरात नाक मुरडाय नगं म्हनून आख्खा तास पोटात धरून बसली. असं कोन करतं, ताई?"

मी काहीच धरून ठेवलं नव्हतं. मला धरून ठेवण्यासारखं काही आलंच नव्हतं. ते सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तुमच्या घरात जे तुम्हाला रोज आहे, ते आम्हा तिघांना तासभर माफ केलं होतं? कुणी केलं, आणि आम्हालाच का?

तिने चहा केला. या वेळी दूध घातलं, माझ्यासाठी मुद्दाम आणलं असणार. कप हातात येईपर्यंत सायीवर माशी बसून गेली होती. तिने बोटाने साय काढली, बोट लुगड्याला पुसलं आणि कप माझ्या हातात दिला. ती माझ्या हातांकडे बघत होती, तोंडाकडे नाही.

मी प्यायले. प्रत्येक घोट गळ्यात थांबत होता. या वेळी खरंच धरून ठेवलं. आणि परत जाताना बाभळीखालीसुद्धा थांबले नाही, ती दारात उभी होती म्हणून. थेट हडपसर ओलांडल्यावर स्कूटर बाजूला घेतली.

नाना त्यानंतर बरीच वर्षं जगले. डेपोवरून गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, मोर्चे निघाले, ते आम्ही बातम्यांत बघायचो. शहरातली माणसं म्हणायची, यांची नेहमीची नाटकं. मला ते म्हणणाऱ्यांची इतकी किळस यायची की मी उठून जायचे. ऑफिसातले कागदी कप बंद केले. दोन महिने शिव्या खाल्ल्या, शेवटी लोकांनी घरून आपापले चहाचे मग आणले. तो काही चमत्कार नाही, माझं कामच आहे ते.

पण मी देव मानते का? जेजुरीला वर्षातून एकदा जाते. लोक भंडारा उधळतात, नवस बोलतात. मी समोर उभी राहून भांडते. तासाभरासाठी आमची तीन नाकं तुला बंद करता आली, एका म्हाताऱ्याची छाती मोकळी करता आली, मग जी तिथे जन्म काढते आहे तिचं काय? पडद्यामागे जो खोकत होता त्याचं काय? आम्ही कोण मोठे लागून गेलो होतो? असं दरवर्षी विचारते, आणि दरवर्षी चिडूनच पायऱ्या उतरते. रिकाम्या गाभाऱ्यावर कुणी इतकं चिडत नाही, एवढं मला कळतं. म्हणजे मानतच असणार.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर जरूर लिहा, फक्त 'नाक बधिर होतं' हे नको. ते तपासून झालं आहे.

छबूबाईंकडे मी अजून जाते. वास येतोच, पहिल्या दिवसासारखा पुन्हा कधी थांबला नाही. मळमळतं. हात मांडीवर ठेवते आणि चहा घेते. तिला वाटतं, मी पहिल्या दिवसापासून अशीच आहे.